मामाजी आणि सुटणारा सर

अमरावतीच्या परकोटाच्या आत राहणाऱ्या झाडून साऱ्या माणसांचे चेहरे आमच्या मामाजींना अनोळखी होते आणि झाडून साऱ्या माना मात्र पाठ होत्या. यात वावगं काही नव्हतं. ते पटवेकरी होते. रेशमात मोती, मणी, पुतळ्या गाठवून देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. जन्मभर ज्याला दागिना कुठे बसतो एवढंच पाहायचं आहे, त्यानं मानेच्या वर कशाला पाहावं? ते माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. नवऱ्याचे आईबाप लहानपणीच गेले, म्हणून यांनीच त्याला वाढवलं. वऱ्हाडात सासऱ्याला मामाजी म्हणतात, त्यामुळे मामाजी हे नाव त्यांना दोन्ही अंगांनी लागू पडे. मला पाहायला ते बडनेऱ्याला आले तेव्हा मी खाली मान घालून पोह्यांची ताटली पुढे केली. त्यांनी वाकून वाकून माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि माझ्या बापाला म्हणाले, "हिले तीन पदरी शोभन. एकपदरी नोको." झालं, एवढ्यावर माझं लग्न ठरलं. तीन पदरी काही मला कधी मिळाला नाही. पण ते शब्द माझ्या आईनं मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगितले. एकदा तर भाच्यासारखी मान दिसली म्हणून एका परक्या माणसाच्या मागोमाग मामाजी दोन गल्ल्या बोलत गेले, आणि तो माणूस शेवटी आपल्या घरात शिरून कडी लावून बसला तेव्हा घरी येऊन भाच्यालाच रागावले.

माणसांशी ते अरेतुरे करत आणि मोत्यांशी अहोजाहो. एकदा कचेरीतले एक कारकून बायकोची नथ घेऊन आले. मामाजी खाली मान घालून म्हणाले, "बसा, बसा. घाई करू नोका. तुमचीच पाळी आहे." कारकुनांना बरं वाटलं, उपरणं सावरून ते ऐसपैस बसले. मामाजींनी मोती फडक्यावर ठेवले, मग वर न बघताच विचारलं, "अन् तू काहून बसला रे?" त्या कारकुनांनी पुढे नथ पाठवली ती शेजाऱ्याच्या हातून, स्वतः पुन्हा ओसरीवर चढले नाहीत.

काम चालू असताना घरात शिंकायला मनाई होती. रेशमाचा फास ते उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवत, दुसरं टोक हातात ताणून धरत, आणि मेण लावलेल्या त्या दोऱ्यावर एकेक मोती येऊन बसे. दोन मोत्यांच्या मधे एकेक गाठ. या ताणलेल्या दोऱ्याला ते इतकं जपत की मला तपकिरीचा वाससुद्धा घ्यायची चोरी. मला शिंक आली की मी पदर तोंडात कोंबून परसात पळे, आणि पोहोचेपर्यंत ती जिरून जाई. एकदा ते असे अंगठ्यानं बांधले गेलेले असताना कोणाची तरी गाय थेट घरात आली आणि त्यांच्या पुढ्यातली भाकर खाऊ लागली. मी धावत आले तोवर तिनं ताट चाटून पुसून लख्ख केलं होतं. "मामाजी, हाकलली काहून नाई?" तर म्हणाले, "गाय भाकर खाते, मोती खात नाई. उठून काय करू?"

पण गाव त्यांना हसत असलं तरी थोडं भीतही असे, आणि त्याचं कारण त्यांची एक खोड. मोती खरा की खोटा हे कळायला पटवेकरी तो दातांवर घासून पाहतात. खरा मोती किंचित खरखरतो. मामाजी तेवढ्यावर थांबत नसत. ते मोती जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि बराच वेळ तसेच बसत. "मोती अंगावरचा घाम पेतो," ते म्हणत, "अन् पेलेलं इसरत नाई." मग एखादं वाक्य बोलत. एका सुखवस्तू घरचा कंठा आला तेव्हा बोलून गेले, "या घरात कोणीतरी उपाशी निजते." चार दिवसांनी कळलं की त्या घरातली म्हातारी आत्या खरंच एकवेळ जेवत होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून शहाण्या बायका मोती पाठवण्याआधी रिठ्याच्या पाण्यानं तीनतीनदा धुऊन पाठवत. मी हे सारं थोतांड समजे. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा माझ्या नथेतला एक मोती ढिला झाला, तो त्यांनी जिभेवर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माझी आई उभी. मामाजींनी माणूस पाठवून तिला बोलावून घेतलं होतं. मी महिनाभर चुलीपाशी बसून गुपचूप रडत होते, हे मी नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या खोडीला हसायचं सोडलं, आणि मला त्यांची थोडी भीतीही वाटू लागली.

मी सांगते आहे ते दिवस कापसाच्या सोन्याचे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत कुठेतरी लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस बंद झाला म्हणून आमच्या काळ्या मातीतला कापूस साहेबाला गोड लागू लागला होता. बाजाराच्या रस्त्यानं गाड्यांची रीघ. माझा नवरा बाजारात मापारी होता, तो घरी आला की केसांत, मिशीत, कानात रुईचे तंतू. आमच्या डाळीतसुद्धा कापूस सापडे. कालपरवापर्यंत अनवाणी फिरणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवत. आगगाडी अजून अकोल्यापर्यंतही आली नव्हती, पण मुंबईचं नाव घेतल्याशिवाय कोणाचं वाक्य पुरं होत नव्हतं.

अकोटाकडचे एक पाटील असेच एका सकाळी बैलांच्या दमणीतून उतरले. पागोटं मुंबईचं, जोडा मुंबईचा, अत्तर मुंबईचं. रेशमी रुमालातून त्यांनी सुटे मोती काढले. "हा सरबी मुंबईहूनच आणला. नव्या पाटलिणीसाठी. लगनात गळ्यात घातला अन् मांडवातच सुटला. अकोल्याच्या पटवेकऱ्यानं दोनदा गाठवला, दोन्हीबी खेपेले सुटला. लोक म्हनतात अमरावतीचा बुढा गाठ मारते ते यमाच्यानं सुटत नाई."

"यमाचं मले माहीत नाई," मामाजी म्हणाले. "माणसाच्यानं सुटत नाई."

त्या दिवशी संकष्टी होती. उपासाच्या दिवशी मामाजी मोती जिभेवर ठेवत नसत; परक्याचा घाम पोटात गेला तर उपास मोडतो, असं त्यांचं शास्त्र. म्हणून त्यांनी मोती नुसते दातांवर घासले, खरे आहेत म्हणाले, आणि दुपारपर्यंत सर गाठवून दिला. रुमालात जुना रेशमाचा दोरा होता तो मी टाकायला उचलला तर चिंब ओला. चैत्र लागला होता, अंगण तापलेलं. मला वाटलं, दमणीत पाण्याच्या पखालीशेजारी ठेवला असेल. मी तो परसातल्या दोरीवर टाकला. संध्याकाळी पाहिलं तर दोरीखालच्या मातीत ओला डाग होता, आणि दोरा अजून गळत होता. मी कोणाला काही बोलले नाही. असलं काही बोललं की ते खरं होतं, असं मला उगीच वाटलं.

अक्षय्य तृतीयेला आठ दिवस असताना तीच दमणी पुन्हा आली. या खेपेला पाटील कापसाच्या सौद्यात अडकले होते, म्हणून त्यांची आई आली होती आणि तिच्यामागे नवी पाटलीण, सोळासतरा वर्षांची, डोळे रडून सुजलेले. टळटळीत दुपार. बाहेर चिटपाखरू नव्हतं. म्हातारीनं बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"चौथ्यांदा सुटला. देवापुढं सुटला, सारं गाव पाहून राहिलं होतं. ही पोरगीच अपशकुनी आहे. अखजीच्या पूजेत हा सर हिच्या गळ्यात राह्यला त राह्यला, नाई त मी हिले बापाच्या घरी नेऊन घालतो अन् दुसरी आणतो."

मुलगी नुसती पदराचं टोक पिळत राहिली. मी तिला माठातलं पाणी दिलं, तेव्हा तिचे हात गार लागले.

मामाजींनी रुमाल उघडला. मोत्यांना नमस्कार केला, मग दोरा उचलला. तो ओला होता. त्यांनी तो डोळ्यांशी नेला, बोटांनी चाचपला, आणि मी त्यांचा चेहरा पडलेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "हा तुटला नाई," ते हळूच म्हणाले. "कोणं तरी माझ्या गाठी सोडवल्या आहेत. एकेक करून. सुईनं नाई, नखानं नाई. जशा मारल्या तशाच उलट्या सोडवल्या."

"हिनंच सोडवल्या असतीन," म्हातारी म्हणाली.

मामाजींनी मुलीच्या गळ्याकडे बघितलं. "इकडं ये वो माय. बस समोर. दोन्ही हात फडक्यावर ठेव." मग म्हातारीला म्हणाले, "तूबी बस. आता तुमच्यादेखत गाठवतो."

त्यांनी नवं रेशीम घेतलं, दोनदा मेण लावलं. अंगठ्यात फास अडकवला. माशी हलावी एवढाही आवाज नव्हता. एकेक मोती, एकेक गाठ. शेवटची गाठ मारून त्यांनी सर लाल फडक्यावर सोडला आणि हात मागे घेतले. आम्ही चौघंही त्याच्याकडे बघत होतो. मुलीचे हात तसेच पसरलेले, सरापासून वीतभर लांब.

आधी टोकाची गाठ हलली. मला वाटलं, माझेच डोळे उन्हानं दिपले असतील. मग ती सैल झाली, एखाद्या बाईनं सवयीनं पोलक्याची गाठ सोडावी तशी, सावकाश, आणि मोती बोटभर सरकून थांबला. मग दुसरी. मग तिसरी. घाई अशी नव्हतीच. कोरडं नवं रेशीम आमच्या डोळ्यांदेखत काळपट ओलं होत गेलं, आणि फडक्यावर पाण्याची रेघ पसरत गेली. एकही मोती घरंगळला नाही. सारे ओळीनं, एकमेकांपासून सुटे, शांत पडून राहिले. म्हातारी भिंतीला टेकली होती. मी मनात रामनाम घेऊ लागले.

फक्त मामाजी जागचे हलले नाहीत. ते खाली वाकले आणि विचारलं, "तुमाले काय सांगायचं आहे, बाई?" मग मधला सर्वांत मोठा मोती उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

किती वेळ गेला कोण जाणे. त्यांच्या कपाळावर घाम आला, मग ओठांच्या कडेतून पाण्याचा एक थेंब उतरला. त्यांनी मोती काढून तळहातावर घेतला, आणि ते म्हातारीकडे वळले.

"हा सर मुंबईचा नाई."

"मुंबईचाच आहे! माह्या पोरानं..."

"इहिरीतला आहे," मामाजी म्हणाले. "इहिरीचं पाणी आहे याच्यात. पोटभर. अन् पाण्याच्या आधी दूध आहे. अंगावरचं. लेकरू पेता पेता मोत्याशी खेळत व्हतं, त्याचं दूध सांडे यायच्यावर." ते थांबले. मग फार मऊ आवाजात विचारलं, "लेकरू कुठं आहे, बाई?"

म्हातारीनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. उत्तर दिलं ते त्या मुलीनं.

"चांदूरले," ती म्हणाली. "आजीजवळ आहे. चार वर्साची आहे. थोरली पाटलीण मळ्यातल्या इहिरीत पाय घसरून गेली, तवा ती अंगावर पेत व्हती. त्या पोरीचं नाव घरात काढायचं नाई, असं सांगतलं होतं मले."

मग म्हातारी हळूहळू बोलली. हा सर थोरल्या सुनेला तिच्या माहेरानं दिला होता. तिला विहिरीतून बाहेर काढली तेव्हा तो गळ्यातच होता. तिची आई नातीला न्यायला आली आणि सर मागू लागली, तेव्हा हिनं सांगितलं की सर विहिरीत गेला, गाळात बुडाला. "तिले काय करायचा व्हता? पोट्टी लहान. इतके मोत्ये! घरात ठेवले. पोराले म्या सांगतलं, लोकाईले मुंबईचा म्हणून सांग." आणि मग, मला कधी न विसरता येणाऱ्या स्वरात, "म्या तिच्या गळ्यातून काढाले गेली तवाबी गाठ सुटत नव्हती. लई वेळ सुटत नव्हती."

मला वाटलं, आता मामाजी तिला बोल लावतील. त्यांनी नुसतं पाणी मागितलं, चूळ भरली आणि मुलीला विचारलं, "आता तूच सांग. सर तुह्या नावाचा आहे. काय करू?"

"पोरीच्या गळ्याच्या मापानं गाठवा," ती म्हणाली. "मी नेऊन देतो. मले बापाच्या घरी धाडाचं असन त मग धाडा, आत्याबाई. पण हे आधी."

मामाजींनी तिसऱ्यांदा अंगठ्यात रेशीम अडकवलं. लहान गळ्याला म्हणून दोन पदर केले. गाठवताना ते मोत्यांशी बोलत होते, आजारी माणसाशी बोलावं तसं: "उद्या निघा तुमी. दुपारलोक पोचान. पोट्टी चांगली आहे म्हणतात." शेवटची गाठ बसली. आम्ही थांबलो. बाहेर उन्हं ओसरीवरून उतरली तरी थांबलो. रेशीम कोरडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दमणी निघाली. मुलीनं माझा हात धरला, "ताई, तुमी चाला," म्हणून मीही गेले. चांदूरला पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. थोरलीची आई अंगणात सरकी वाळत घालत होती. विहिणीला पाहून तिचे हात थांबले. नव्या पाटलिणीनं रुमाल उघडून तिच्या पुढे धरला. त्या माउलीनं सर ओळखला. ती रडली नाही, ओरडली नाही. खाली बसली, आणि किती तरी वेळ एकेका मोत्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिनंच सर नातीच्या गळ्यात घातला. पोरगी मोती हातात धरून खदखदून हसली आणि कोंबडीमागे पळाली.

रीतीप्रमाणे आजीनं सगळ्यांना पाणी दिलं. म्हातारी पाटलीण तांब्याकडे बघत राहिली. प्यायली नाही. परतीच्या वाटेवरही ती पाणी प्यायली नाही, आणि मला तिचा आलेला राग जाऊन तिची दया वाटू लागली.

नव्या पाटलिणीला कोणी बापाच्या घरी पाठवलं नाही. पाटील महिनाभर धुसफुसले म्हणे. मग अमेरिकेतली लढाई संपली, कापूस कोसळला, आणि त्यांचं बोलणंच कमी झालं. पुढच्या वर्षी चांदूरची आजी थकली तेव्हा हीच स्वतः जाऊन पोरीला घेऊन आली आणि पुढे तिनं आपल्या लेकरांबरोबर तिला वाढवलं. तिचे निरोप अधूनमधून येत. सर पुन्हा कधी गाठवायला आला नाही.

मामाजींनी मात्र त्या दिवसानंतर आठवडाभर नीट अन्न घेतलं नाही. भाकरी तोंडात घालत आणि थांबत. मी विचारलं तर म्हणाले, "सारं पाणीपाणी लागते वो." हळूहळू ते उतरलं. पण मोती जिभेवर ठेवणं त्यांनी बंद केलं. बायकांनी कौतुकानं मुद्दाम आणून दिले तरी हसून परत करत. कापूस कोसळल्यावर घराघरांतून मोती बाहेर पडले ते विकायलाच. गाठवायला कोण आणणार? मग ते ओसरीवर नुसते बसून असत, रस्त्यावरून जाणाऱ्यांना हाका मारून काहीबाही विचारत. एका माघात, सकाळी, मी काढ्याला म्हणून गवती पात उकळत होते, तेवढ्यात मामाजी गेले. मी हाक मारली तेव्हा त्यांनी ओ दिली नाही, एवढंच.

सर सुटला त्या दुपारनंतर दहाबारा वर्षांनी अकोटाहून अक्षत आली. ती पोरगी लग्नाची झाली होती. निमंत्रण मामाजींच्या नावानं होतं. ते गेल्याचं अकोटाला कोणी कळवलंच नव्हतं. मी एकटी गेले. मांडवात नव्या पाटलिणीनं, आता ती चांगली भारदस्त दिसत होती, मला मिठी मारली आणि माझ्या मागे पाहिलं. "मामाजी कुठं आहेत?"

मंगलकार्य होतं. सनई चालू होती. "येनार होते," मी म्हणाले, "पण ऊन सोसत नाई आता त्यायले."

"सोसनारच नाई, लई वय झालं," ती म्हणाली, आणि निघताना केळीच्या पानात बांधलेली पुरणपोळीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "त्यायले गरम करून द्या. दूध घालून. दात नसतीन आता."

मी हो म्हटलं. अकोट ते अमरावती दोन दिवसांची वाट. ती पुरचुंडी मी मांडीवर घेऊन बसले. गाडीवान मधेच म्हणाला, बाई, ते खाली ठेवा, हात अवघडला असेल. मी म्हटलं, राहू दे, घरी द्यायचं आहे.